कमी पैशांत रिकव्हरी लॅडर: निवड, तपासणी आणि रुतलेली गाडी काढायचा क्रम

पाऊस लागला की ठाणे-नवी मुंबईतल्या थार, जिम्नी, बोलेरो मुरबाड, कर्जत, गाढेश्वरच्या वाटेला लागतात. बऱ्याच गाड्यांच्या टपावर, रुतलेल्या चाकाखाली घालायच्या नारिंगी पट्ट्या चकाकत असतात. गाडी खरोखर रुतते तेव्हा मात्र पट्टी टायरखालून सुर्रकन मागे उडते, नाहीतर मिनिटभरात तिचे दात वितळून गुळगुळीत होतात, आणि शेवटी गावातला ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. मग सगळा दोष पट्टीच्या किमतीवर जातो. खरं तर मधल्या किमतीची पट्टी आपल्याकडच्या चिखलाला पुरेशी असते. गडबड होते ती तीन ठिकाणी: पट्टी भलत्याच कामासाठी घेतलेली असते, चाक अर्धवट खणलेलं असतं, आणि अॅक्सिलरेटर गरजेपेक्षा जोरात दाबलेला असतो.

आधी नावांचा घोळ मिटवू. दुकानात रिकव्हरी ट्रॅक, ट्रॅक्शन बोर्ड, सँड लॅडर ही सगळी नावं एकाच मालाला चिकटवलेली असतात. या लेखात दोनच शब्द आहेत. टायरला पकड देते ती पट्टी. चरावर किंवा खड्ड्यावर आडवी पडून चाकाचा भार अधांतरी पेलते ती शिडी. प्लॅस्टिकची वस्तू पट्टी असते, ती कधीच शिडी नसते. जाहिरातीत फोटो काहीही असो.

## १. गाडी कुठे रुतते ते आधी ठरवा

भातखाचर आणि त्याच्या कडेची वाट. मुरबाड, शहापूर, कर्जत पट्ट्यात बहुतेक गाड्या इथेच अडकतात. चिखलणी करकरून खाचरात वरचा वीतभर थर लोण्यासारखा होतो आणि त्याच्याखाली माती दाबून दाबून कडक झालेली असते. त्या कडक थरापर्यंत खणलं तर साधी पट्टीही काम करते. वरच्या लोण्यावर ठेवली तर ती गाडीबरोबर खाली जाते. इथे खोल दात आणि पुरेशी रुंदी हवी. (खाचर कुणाचं तरी आहे. बांध फुटला तर नीट करून द्यायचा, आणि गाडी घालण्याआधी विचारायचं.)

जांभ्यावरची लाल माती. वर दोन-चार बोटं साबण, खाली घट्ट. इथे टायर पट्टीवर चढतो, पण पट्टीच जमिनीवरून घसरते. म्हणून पट्टीच्या खालच्या बाजूलाही उंचवटे असले पाहिजेत. पालथी बाजू सपाट असलेली स्वस्त पट्टी या मातीत बिनकामाची.

काळी माती. माळशेज ओलांडून ओतूर-जुन्नरकडे गेलात की ही भेटते. पहिल्याच फेरीत दातांच्या मधल्या फटी भरून जातात. दात उंच आणि एकमेकांपासून सुटे असावेत, म्हणजे फावड्याच्या टोकाने माती काढता येते. बारीक, दाट दातांची पट्टी इथे दुसऱ्यांदा वापरता येत नाही.

वाळू. नागाव, किहीम, केळवे. वाळूत दातांपेक्षा पट्टीचा पसारा महत्त्वाचा. किनाऱ्यावर गाडी घालायला बऱ्याच ठिकाणी प्रशासनाची बंदी असते आणि गुन्हेही दाखल होतात, हे लक्षात ठेवूनच पट्ट्या घ्या.

खाजण. उरणची बाजू, ऐरोली, खाडीची कड. इथल्या गाळाला तळ लागत नाही, पट्ट्या गाडीखाली गडप होतात. शिवाय तिथल्या कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे. या जागेसाठी कुठलीही लॅडर विकत घेऊ नका, कारण तिथे जायचंच नाही.

*तपासा:* गाडीत दोन-अडीच फुटांची लोखंडी सळी ठेवा. चिखलात शिरण्याआधी उतरून चाकांच्या वाटेवर चार-पाच ठिकाणी खुपसा. वीतभरावर खट्ट लागलं तर पट्टीने भागेल. सळी विरोध न होता मुठीपर्यंत गेली तर गाडी मागे घ्या.

## २. गाडीची मापं घ्या, मग पट्टीची बघा

टायरच्या बाजूवर छापलेला पहिला आकडा म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी. जिम्नीचा १९५, बोलेरोचा २१५, थारचा २५५. पट्टीची आतली, म्हणजे दात असलेली रुंदी यापेक्षा किमान तीन-चार सेंटीमीटर जास्त हवी. बाजारातल्या मोठ्या पट्ट्या ३० ते ३३ सेंटीमीटर रुंद असतात, पण त्यात कडेची उभी किनार आणि हँडलची भोकं धरलेली असतात. थारवाल्यांनी टेप लावून दात जिथे सुरू होतात आणि जिथे संपतात तेवढंच मोजावं. टायर किनारीवर चढला की पट्टी एका बाजूला उलटते.

लांबीचा हिशेब फारसं कुणी करत नाही. थारच्या २५५/६५ आर १८ टायरचा घेर जवळपास अडीच मीटर, जिम्नीच्या १९५/८० आर १५ चा २.२ मीटरच्या आसपास. पट्टी साधारण ११० सेंटीमीटरची, त्यातली १५-२० सेंटीमीटर टायरखाली दाबलेली. म्हणजे एका पट्टीवर चाक अर्धा फेरासुद्धा पुरता फिरत नाही. तेवढ्यात गाडीला घट्ट जमीन मिळाली पाहिजे, नाहीतर पुढे दुसरी पट्टी पाहिजे. यावरून दोन गोष्टी ठरतात. ६०-७० सेंटीमीटरच्या आखूड किंवा घडीच्या पट्ट्या चिखलासाठी घेऊ नयेत, त्या शहरातल्या गाडीचं चाक कच्च्या साइडपट्टीत गेलं तर ठीक. आणि लांब चिखल ओलांडायचा असेल तर महागड्या दोनपेक्षा साध्या चार पट्ट्या जास्त उपयोगी, कारण एकीपुढे एक मांडता येतात.

आता वजन. माणसं-सामानासकट दोन टनांची गाडी असेल तर प्रत्येक चाकावर सरासरी ५०० किलो येतात. गाडी कललेली असेल किंवा चढावर असेल तर एखाद्या चाकावर सातशे-आठशे. मग पट्टीवर छापलेला ‘१० टन’ हा आकडा कशाचा? सपाट, कडक जमिनीवर पट्टी पूर्ण टेकलेली असताना ती चिरडायला किती भार लागेल, याचा. त्याने ती पूल म्हणून किती पेलेल हे कळत नाही. पाच टन आणि दहा टन या आकड्यांसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

शेवटचं माप डिकीचं. ११० × ३३ सेंटीमीटरचा पुठ्ठा कापा आणि गाडीत ठेवून बघा. मागची सीट वर असताना बसतो का? सीटच्या पाठीमागे उभा राहतो का? दोन पट्ट्या एकमेकींत बसवल्यावर जाडी आठ-दहा सेंटीमीटर होते, तीही धरा. पुठ्ठा बसला नाही तर पट्टी टपावरच जाणार, आणि तिकडे ऊन, वारा, चोरी आणि सोसायटीच्या बेसमेंटची कमान असे चार नवे खर्च वाट बघत असतात.

## ३. कोणत्या मालाची घ्यायची

पॉलिप्रॉपिलिन. सगळ्यांत स्वस्त. हलकी, लवचिक. दोष दोन: चाक फिरत राहिलं की दात लवकर वितळतात, आणि उन्हापासून संरक्षण देणारं मिश्रण नसेल तर वर्ष-दोन वर्षांत पांढुरकी, ठिसूळ होते. गाडीच्या आत ठेवत असाल आणि वर्षाला चार-सहा वेळाच चिखलात जात असाल तर हीच घ्या. त्यापुढचे पैसे फावड्याला द्या.

नायलॉन. काचतंतू मिसळलेलं असेल तर अधिक चिवट. दात जास्त उष्णता सोसतात, वाकून परत सरळ होतात. नावाजलेल्या परदेशी पट्ट्या नायलॉनच्याच असतात. दर महिन्याला बाहेर पडणाऱ्याने घ्यावी.

लोखंडी खिळ्यांचे दात असलेली. खिळे बदलता येतात हे खरं, पण ते टायर आणि हात दोन्ही फाडतात. नवख्याने टाळावी.

अॅल्युमिनियमची शिडी. पूल म्हणून चालते, वाकली तर ठोकून सरळ होते. महाग पडते, आणि ओल्या चिखलात तिची पकड प्लॅस्टिकच्या पट्टीपेक्षा कमी असते. अॅल्युमिनियमचा चौकड्यांचा पत्रा कापून ‘स्वस्त लॅडर’ म्हणून कुणी देत असेल तर घेऊ नका. चिखल लागला की तो घसरगुंडी होतो.

एफआरपी ग्रेटिंग. कारखान्यांत चालायच्या मार्गिकेवर, गटारांवर बसवतात ती काचतंतू आणि रेझिनची पिवळी किंवा करडी चौकोनी जाळी. ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्याला खरी स्वस्त शिडी हवी असेल तर हा पर्याय सगळ्यांत चांगला. त्याबद्दल पाचव्या टप्प्यात.

*सावधान:* पट्टीला जॅकखाली पाट म्हणून ठेवू नका. जॅकचा भार एका लहान जागेवर येतो, पट्टी दबते आणि जॅक तिरका होतो. जॅकसाठी ३० × ३० सेंटीमीटरचा, दीड-दोन इंच जाडीचा लाकडी फळा वेगळा ठेवा.

## ४. पार्सल उघडल्यावर, परत करायची मुदत संपायच्या आत

फोटोवरून मागवलेल्या पट्ट्या घरी आल्या की लोक सरळ टपावर चढवतात. त्याआधी दहा मिनिटं द्या.

१. दोन्ही पट्ट्या वजनकाट्यावर ठेवा. ११० सेंटीमीटरची धड पट्टी साधारण साडेतीन ते चार किलो भरते. अडीच किलोच्या आत असेल तर भिंती पातळ आहेत.

२. दोन लाकडी ठोकळे ६० सेंटीमीटर अंतरावर ठेवून त्यांवर पट्टी आडवी टाका आणि मधोमध उभे राहा. ती वाकणार, वाकू द्या. उतरल्यावर सरळ झाली पाहिजे. वाक पडला त्या जागी पांढरी रेघ उमटली किंवा कट् असा आवाज आला तर माल ठिसूळ आहे, परत करा. माणसाच्या वजनाची ही चाचणी फक्त प्लॅस्टिकचा पोत कळण्यासाठी आहे. तेवढ्यावरून पट्टीचा पूल करायला जाऊ नका.

३. दातावर अंगठ्याचं नख जोरात दाबा आणि दात कडेला ढकलून बघा. मुळाशी हलत असेल तर नको. दात पट्टीबरोबर एकसंध ओतलेले हवेत, चिकटवलेले किंवा नुसते खोचलेले नकोत.

४. पालथी करा. खाली आडव्या पट्ट्यांचे उंचवटे आहेत का? फक्त कंपनीचं नाव कोरलेलं सपाट प्लॅस्टिक असेल तर लाल मातीत ती सरकणार.

५. रबरी हातमोजा घालून हँडलच्या भोकात हात घाला. चिखलात बुडालेली पट्टी उपसायला हाताची चारही बोटं आत जावी लागतात. ही भोकं पट्टीच्या दोन्ही टोकांना हवीत.

६. टोक बघा. टायरखाली सरकवायचं टोक पाचरीसारखं उतरतं आणि बोथट नसतं. जाड, उभ्या कडेचं टोक टायरपुढे धक्क्यासारखं अडतं.

रंगाचं म्हणाल तर नारिंगी किंवा पिवळा. काळ्या आणि हिरवट पट्ट्या फोटोत रुबाबदार दिसतात, पण संध्याकाळी सहा वाजता खाचरात शोधून दाखवा.

## ५. शिडीच हवी असेल तर: ग्रेटिंग कापून घेणे

चर, फुटलेली मोरी, दगडांमधली फट ओलांडायची असेल तरच या फंदात पडा.

रबाळे, महापे, तुर्भे एमआयडीसी आणि वागळे इस्टेटच्या भागात एफआरपी ग्रेटिंगचं काम करणारे विक्रेते आणि फॅब्रिकेटर मिळतात. त्यांना असं सांगा: मोल्डेड ग्रेटिंग, जाडी ३८ मिलिमीटर, जाळीचा चौकोन ३८ × ३८, वरचा पृष्ठभाग वाळू चिकटवलेला खरखरीत. पूर्ण शीट बहुधा १२२० × ३६६० मिलिमीटरची येते. दोनदा आडवी कापली की १२२० मिलिमीटर लांबीचे तीन तुकडे होतात आणि रुंदी किती धरता त्यावर एका शीटमधून ९ ते १२ शिड्या निघतात. एकट्याने शीट घेणं परवडत नाही. तिघा-चौघांनी मिळून घ्या, नाहीतर उरलेला कटपीस विचारा. ३० सेंटीमीटर रुंदीची एक शिडी साधारण सात किलोच्या घरात जाते.

कापणाऱ्याला दोन गोष्टी बजावा. लांबीच्या दोन्ही कडांना अखंड कांडी राहिली पाहिजे. चौकोनाच्या मधून कापलं तर तुटकी टोकं बाहेर राहतात आणि ती टायरच्या बाजूला, हाताला लागतात. दुसरं, कापलेल्या कडांना रेझिनचा हात मारून घ्या, नाहीतर उघड्या काचतंतूंतून पाणी शिरून कडा सुटायला लागतात. घरी ग्राइंडरने कापत असाल तर डायमंड ब्लेड, गॉगल, एन-९५ मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा. काचेचा भुसा अंगाला लागला की दोन दिवस खाज जात नाही, आणि फुप्फुसात गेला तर प्रकरण खाजेवर थांबत नाही.

किती रुंद चरावर टाकायची? विक्रेत्याकडे अंतरानुसार भाराचा तक्ता असतो, तो मागून घ्या आणि तुमच्या चाकाचा भार दुप्पट धरून बघा. तक्ता देत नसेल तर त्या मालाचा पूल करू नका. तक्ता हातात असला तरी दीड-दोन फुटांपलीकडे जायची गरज आपल्या वाटांवर क्वचितच पडते, आणि दोन्ही टोकांना किमान वीतभर शिडी पक्क्या जमिनीवर टेकलेली पाहिजे.

लोखंडी अँगलची शिडी वेल्डिंग करून घ्यायचा मोह कळंबोलीच्या लोखंड बाजाराजवळ राहणाऱ्यांना हमखास होतो. हिशेब बघा. २५ × २५ × ३ च्या अँगलचं वजन मीटरला १.१ किलो. १.२ मीटरच्या दोन बाजू आणि ३० सेंटीमीटरच्या आठ पायऱ्या मिळून ४.८ मीटर, म्हणजे सव्वापाच किलो. उचलायला छान, पण चाकाखाली मधोमध वाकते आणि पायरीचं टोक वर येऊन टायरची बाजू किंवा ऑइल सम्प (इंजिनखालचं तेलाचं भांडं) फोडते. वाकू नये म्हणून ४० × ४० × ५ घेतला तर मीटरला ३ किलो, एक शिडी साडेचौदा किलोची. अशा चार म्हणजे गाडीत आणखी एक माणूस बसवल्यासारखं.

## ६. पैसे कसे वाटायचे

समजा एकूण दहा हजार रुपये बाजूला काढलेत. सगळे पट्ट्यांवर घालवू नका. सहा हजारांच्या आसपास पट्ट्यांना, आणि उरलेल्यांत हे बसवा:

- लांब दांड्याचं, टोकदार पात्याचं फावडं. घडीचं खेळण्यातलं नको. गाडीखाली हात पोचायला दांडा किमान तीन फूट हवा.
- टायरची हवा मोजायचा गेज आणि बारा व्होल्टचा पंप. पंप बॅटरीच्या टर्मिनलला क्लिपने जोडायचा असेल तर उत्तम.
- जाड रबरी तळव्यांचे हातमोजे, प्रत्येक पट्टीसाठी दोन मीटर भडक रंगाची नायलॉन दोरी आणि गुडघे टेकायला जुनं पोतं.

पैसे कमी पडले तर चारऐवजी दोन पट्ट्या घ्या. फावडं कापू नका. निम्म्या वेळा हवा कमी करून आणि खणूनच गाडी निघते, पट्टी लागतच नाही.

## ७. निघण्याआधी

दोरी पट्टीच्या शेपटाकडच्या हँडलला बांधा, पाचरीच्या टोकाला नव्हे. पट्ट्यांवर पांढऱ्या रंगाने १, २ असे आकडे घाला. एक चिखलात राहिली तर कोणती ते लगेच कळतं.

टपावर बांधायच्या असतील तर रबरी बंजी चालत नाहीत. नाशिक हायवेवर वाऱ्याने पट्टीचं टोक फडफडायला लागतं आणि बंजी निसटते. बकल असलेले पट्टे किंवा कुलूप बसणाऱ्या खुंट्या वापरा, आणि पहिल्या वीस किलोमीटरनंतर थांबून पुन्हा आवळा. पट्ट्या चढवल्यावर गाडीची नवी उंची मोजून डॅशबोर्डवर चिकटवा, मॉलच्या बेसमेंटची कमान पट्ट्या बघून वर होत नाही.

एकदा कोरड्या जमिनीवर सराव करा. ओळखीच्या कुणाचा मोकळा प्लॉट बघा. येऊरला जाऊ नका, ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. चाकापुढे पट्टी मांडून चढवा, पुढे न्या, उतरवा. पट्टीवर चढताना क्लच किती सोडावा लागतो हे पायाला आधी कळलेलं बरं.

## ८. गाडी रुतल्यावर: हा क्रम मोडू नका

पहिलं, पाय काढा. गाडी पुढे सरकायची थांबली की अॅक्सिलरेटर सोडा. त्यानंतर फिरणारा चाकाचा प्रत्येक फेरा विहीर खणतो. ‘अजून एकदा जोर लावून बघू’ या एका वाक्यामुळे दहा मिनिटांचं काम दोन तासांवर जातं.

दुसरं, उतरा आणि बघा. सगळ्यांना उतरवा, दोनशे किलो आपोआप कमी होतात. मग वाकून गाडीखाली बघा. पोट टेकलंय का? डिफरन्शियलचा गोळा, मधला क्रॉस मेंबर, मागचा अॅक्सल चिखलात बसला असेल तर चाकांवर भारच नाही. अशा वेळी जगातली सगळ्यांत महाग पट्टीही काही करू शकत नाही, आधी पोट मोकळं करावं लागतं.

समुद्रकाठी असाल तर याच वेळी भरतीचा हिशेब करा. कोकणातला जुना ठोकताळा असा की तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि पक्ष बदलला की मोजणी पुन्हा एकपासून. अंदाजापुरता तो बरोबर येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी नेहमीपेक्षा बरंच वर चढतं. दोन तासांत पाणी गाडीपर्यंत येणार असेल तर पट्ट्यांचे प्रयोग न करता लगेच ट्रॅक्टर बोलवा.

तिसरं, दिशा ठरवा. बहुतेक वेळा मागे जाणं सोपं असतं. आलेली वाट दबलेली असते, आणि तिथून तुम्ही आलात म्हणजे ती गाडी पेलते. पुढची जमीन सळीने तपासल्याशिवाय पुढे जायचं ठरवू नका.

चौथं, हवा कमी करा. चिखलात २० ते २५ पीएसआय, वाळूत १५ ते १८. चारही चाकांची. साध्या रिमवर १५ च्या खाली गेलात आणि वळण घेतलंत तर टायर रिमवरून निसटू शकतो. वाळूत तर हवा उतरवल्यावर गाडी बऱ्याचदा तशीच निघते.

पाचवं, खणा. सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. ज्या दिशेला जायचंय त्या बाजूने प्रत्येक चाकासमोर उतार काढा, खड्ड्याची उभी भिंत ठेवू नका. टायरच्या बुडापासून सुरू होऊन हळूहळू वर येणारा, पट्टीएवढ्या लांबीचा उतार. भातखाचरात कडक थर लागेपर्यंत. खणलेला चिखल चाकाच्या वाटेपासून हातभर लांब टाका, नाहीतर तो परत खाली घसरतो.

*तपासा:* फावड्याच्या दांड्याने अंदाज घ्या. दांड्याचं एक टोक टायरच्या बुडाशी आणि दुसरं उताराच्या माथ्याला टेकवलं तर मध्ये माती आड येता कामा नये. येत असेल तर पट्टी मधोमध उंच राहील आणि कमानीसारखी वाकून तुटेल.

सहावं, पट्ट्या मांडा. फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी) असेल तर ज्या दिशेला जायचंय त्या बाजूची दोन चाकं आधी. मागे जाताय तर मागची. टू व्हील ड्राइव्ह असेल तर ज्या चाकांना इंजिनची ताकद मिळते तीच. क्रेटा, डस्टरसारख्या पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या चाकाखाली पट्टी घालून बसणारे कमी नाहीत. दात वर, पाचरीचं टोक टायरखाली. हाताने सरकवा, मग टाचेने ठोकून टायरला घट्ट भिडवा. पट्टी आणि टायरच्या मध्ये दोन बोटं शिरत असतील तर अजून खणा. दोन्ही पट्ट्या चाकाच्या रेषेत आणि एकमेकींना समांतर, स्टिअरिंग सरळ. दोरी बाजूला मोकळी सोडा, गाडीला बांधू नका. बांधलेली पट्टी चाकात गुंततेच, वर ब्रेकची नळीही तोडते.

चार पट्ट्या असतील तर उरलेल्या दोन याच रेषेत पुढे, पहिलीच्या शेवटाला चिकटवून.

सातवं, माणसं हटवा. पट्टी चाकाखालून निसटली तर ती गाडी जायच्या दिशेच्या उलट बाणासारखी सुटते. कुणीही गाडीच्या पुढे किंवा मागे उभं राहायचं नाही, ढकलायलाही नाही. एकच माणूस बाजूला, ड्रायव्हरला दिसेल असा, दोन गाड्यांच्या लांबीइतका दूर. हाताच्या खुणा आधी ठरवून घ्या. तळवा दाखवला की थांब, बस.

आठवं, चढवा. फोर-लो (फोर बाय फोरमधला कमी वेगाचा, जास्त ताकदीचा टप्पा), पहिला गिअर, वाळूत दुसरा. मागे जाताना फोर-लोमध्ये रिव्हर्स. वाळूत ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून आपोआप आवरणारी यंत्रणा) बंद करा, नाहीतर ते ऐन वेळी ताकद तोडतं. चिखलात मात्र ब्रेकवर चालणारा ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर चालू राहू द्या, अधांतरी फिरणाऱ्या चाकाला तो आवरतो. क्लच हळू सोडा, इंजिनला आयडलच्या थोडं वर ठेवा. टायरच्या रबराला दातात रुतायला एक-दोन सेकंद लागतात. गाडी कुरकुरत चढायला लागली की त्याच वेगाने ठेवा.

*सावधान:* चाक पट्टीवर जागच्या जागी फिरलं तर त्याच क्षणी पाय काढा. रबर आणि प्लॅस्टिकच्या घर्षणाने दात मऊ होतात, करपट वास येतो आणि पट्टीच्या मध्यावर काचेसारखी चकाकी येते. मग त्या जागी पकड उरत नाही. पट्टी उलट टोकाने फिरवून वापरा आणि अजून खणा. जोर वाढवू नका.

नववं, थांबू नका. पट्टी संपली म्हणजे सुटका झाली असं समजून लोक तिथेच ब्रेक दाबतात आणि मागची चाकं पट्टीच्या शेवटी पुन्हा बुडवतात. अख्खी गाडी पक्क्या जमिनीवर येईपर्यंत चालवत राहा. पट्ट्या आणायला चालत परत या.

दोन प्रामाणिक प्रयत्नांत गाडी हलली नाही तर पट्ट्या बाजूला ठेवून ट्रॅक्टर किंवा दुसरी गाडी बोलवा. ओढायचा दोर टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या लोखंडी गोळ्याला) अडकवू नका, गाडीच्या कारखान्यातून आलेल्या ओढण्याच्या हुकालाच लावा. टो बॉल तुटून गोळ्यासारखा सुटतो.

## ९. परत आल्यावर

हवा आधी भरा. कमी हवेवर डांबरी रस्त्याला ताशी ३० किलोमीटरच्या वर जाऊ नका. मुरबाडहून ठाण्यापर्यंत १८ पीएसआयवर आलात तर टायर आतून तापून त्याची बाजू फुटू शकते.

पट्ट्या त्याच दिवशी धुवा. काळी आणि लाल माती वाळली की दातांमध्ये विटेसारखी बसते. दाबाच्या पाण्याने जात नसेल तर तासभर भिजत ठेवून जुन्या टूथब्रशने काढा. समुद्रावर वापरल्या असतील तर पट्टीला मिठाने काही होत नाही, पण टपावरच्या खुंट्या, कुलपं आणि बकल गोड्या पाण्याने धुऊन तेलाचा हात द्या.

वाळल्यावर उजेडात धरा. हँडलच्या भोकाच्या कोपऱ्यातून निघणारी केसासारखी चीर दिसली तर पुढच्या वेळी पट्टी तिथूनच तुटणार, ती बाजूला काढा. मधले पाच-सहा दात गुळगुळीत झाले असतील तर पट्टी अजून चालते, फक्त सुरुवातीला टायरखाली चांगले दात येतील असं टोक निवडा. अर्ध्याहून जास्त दात गेले तर ती जॉकी म्हणून, म्हणजे दुसऱ्या पट्टीच्या पुढे टाकायला ठेवा. पांढुरकी पावडर बोटाला लागायला लागली की मात्र भंगारात.